तीन पळ्या ऑइल

आमच्या ह्यांना आयुष्यात दोनच कामं मनापासून जमली, पातळी मोजणं आणि गप्प बसणं. ह्यांचं नाव बळवंत पुराणिक. अडतीस वर्षं धरणावर नोकरी केली. रोज सकाळी पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीपाशी जायचं, पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि वहीत आकडा लिहायचा. मी इंदूरहून लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा विचारलं होतं, की एवढंच काम? तर म्हणाले, एवढंच, पण रोज. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा माणूस सोपा नाही.

निवृत्त झाले आणि घरी बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत वेताची एक खुर्ची आहे, ती भिंतीकडे वळवली आणि दीड वर्षं त्या भिंतीकडे बघत राहिले. काय खाणार विचारलं तर "काहीही." फिरायला जाता का, तर "बघू." मी बोलकी बाई, माझी जीभ दिवसभर चालते हे सगळी कॉलनी जाणते. पण समोरून हूं की चूं नाही म्हटल्यावर बोलणार तरी किती? शेवटी शेवटी मी भाजीवाल्याला दारात अर्धा अर्धा तास थांबवून घ्यायची. खरं सांगते, मला भीती वाटायची. माणूस डोळ्यांदेखत विझत चाललाय आणि आपण नुसतं बघतोय, ही भीती.

मग ती गाडी आली. आमच्या जुन्या गाडीचे ब्रेक दाखवायला हे दौलतसिंह मोहित्यांच्या गॅरेजवर गेले होते. दौलतसिंहाचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आले ते घोडे सांभाळत. हा मोटारी सांभाळतो. त्याच्याकडे कोपऱ्यात एक लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली परदेशी स्पोर्ट्स कार विकायला उभी होती. अकरा वर्षांची. मालक कायमचा कॅनडाला गेलेला. हे गेले जुन्या गाडीतून आणि आले त्या गाडीतून. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. फाटकाशी असा काही आवाज झाला की मी पोळी तव्यावर टाकून बाहेर धावले, तर हे त्या गाडीतून बाहेर पडायची खटपट करताहेत आणि हसताहेत. दीड वर्षाने हसताना पाहिलं. बोलायला उघडलेलं तोंड मी मिटलं. संध्याकाळी थोडं बोललेच, नाही असं नाही. भाजीची पिशवी ठेवायची कुठे, आणि साडी नेसून त्या खड्ड्यात उतरायचं कसं, हे विचारलं. हे म्हणाले, मी हात देईन. दिलाही, दर वेळी.

विकतानाच दौलतसिंहाने सांगितलं होतं, "काकासाहेब, गाडी हिरा आहे, बस थोडं ऑइल पिते. देखते रहना." आता बळवंत पुराणिकांना बघत राहा म्हणणं म्हणजे काय, ते त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी वही काढली. कॉलनीतला रस्ता गटाराकडे उतरता, म्हणून पाणसळ लावून सपाट जागा शोधली आणि दोन चाकांखाली फरशीचे तुकडे ठेवले. रोज सकाळी साडेसहाला, इंजिन गार असताना, बॉनेट उघडायचं. ऑइलची लांबडी पट्टी बाहेर काढायची, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायची, परत आत घालायची, परत काढायची आणि ऑइल कुठवर लागलंय ते स्टीलच्या फूटपट्टीने मोजायचं. पट्टीवर दोन खुणा असतात. दोन्हींमध्ये वीस मिलिमीटर, आणि तेवढ्यात साधारण एक लिटर ऑइल. वरच्या खुणेला वीस, खालच्या खुणेला शून्य. शून्याखाली गेलं की इंजिनाच्या जिवाला धोका. हे सगळं त्यांनी मला आपणहून, न विचारता सांगितलं. दीड वर्ष "बघू"वर काढलेली बाई मी, मला ते कीर्तनासारखं गोड लागलं.

मोजून झालं की पंचवीस-तीस किलोमीटरची फेरी. किल्ल्याच्या पायथ्याने जायचं, विमानतळाच्या रस्त्यावर जरा पळवायची आणि परत. आल्यावर भूक. मी न्याहारी करून वाट बघायची आणि मग आज गाडी कशी उचलली, कुठल्या ट्रकवाल्याने वाट दिली नाही, हे ऐकायची. मला त्यातलं अर्धं कळायचं नाही. कळायची गरजही नव्हती.

पण वहीतला आकडा उतरायला लागला. अठरा, सतरा, साडेपंधरा करत महिन्याभरात चारवर आला. ऑइल घातलं की वर जायचा, परत उतरायचा. आणि आकडा उतरला की ह्यांचं जेवण उतरायचं. ताटातली पोळी तशीच. मी म्हणायची, अहो, गाडी पितेय तर पिऊ दे, तुम्ही का उपास करताय? दौलतसिंह म्हणाला की पिस्टनच्या रिंगा झिजल्या असणार, इंजिन खोलावं लागेल, आणि खोललं तर भाग मिळतील न मिळतील. तोवर जरा जाड ग्रेडचं ऑइल घालून बघू. घातलं. चार दिवसांत तेही सोळावरून चौदावर आलं, आणि संध्याकाळी बघते तर हे वेताच्या खुर्चीत, तोंड भिंतीकडे. म्हणाले, विकून टाकतो.

आता इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर तुम्ही मला वेड्यात काढाल. पुराणिकांकडे देवापाशी नंदादीप असतो, अखंड तेवणारा. ह्यांचे पूर्वज दरबारात पुराण सांगायचे, तेव्हापासूनचा. त्यात तेल सुनेने घालायचं, पहाटे, पळीने. आणि घातलं हे कुणाला सांगायचं नाही. बोलून दाखवलं की सेवा वाया गेली, असं सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दिव्यातलं तेल कमी झालंय हे घरच्यांना दिसताच कामा नये. अडतीस वर्षं मी पाचला उठते, दाल बाजारातून आणलेलं तिळाचं तेल तीन पळ्या घालते आणि गप्प राहते. एवढं एकच काम मी तोंड मिटून करते.

त्या दुसऱ्या दिवशी पहाटे दिव्यात तेल घातलं आणि मनात आलं, इथे घालतेच आहे, तर तिथेही घालावं. विचार इतका सरळ होता की त्यात काही चुकतंय असं वाटलंसुद्धा नाही. किल्ली दारामागच्या खिळ्याला. बॉनेटचा खटका, ऑइलचं झाकण, सगळं रोज बघून पाठ झालेलं. अडगळीतली एक वाकडी पळी घेतली, ह्यांच्याच डब्यातलं ऑइल तीन पळ्या घातलं आणि हात साबणाने दोनदा धुतले. साडेसहाला ह्यांनी मोजलं. चौदा, कालच्याइतकंच. परत पुसून मोजलं, चौदाच. त्या दिवशी पोहे दोनदा घेतले.

मग माझी सुटका नव्हती. ह्यांच्या डब्यातलं रोज घेतलं तर हे डबाही मोजतील, म्हणून ग्रेडची अक्षरं कागदावर उतरवून नया बाजारातल्या दुकानातून तेच ऑइल लिटरभर आणलं. दुकानदार विचारतो, माताजी, गाडी आप चलाती हैं? म्हटलं, नाही रे बाबा, मी फक्त खाऊपिऊ घालते. डबा देवघराखालच्या कप्प्यात, तिळाच्या तेलाशेजारी ठेवला. दोन डबे शेजारी होते पण कधी अदलाबदल झाली नाही, तेवढी मी शुद्धीवर होते. हळूहळू पट्टी पुसून मोजायलाही शिकले. ज्या दिवशी फेरी लांबची, त्याच्या दुसऱ्या दिवशी चार पळ्या. ज्या दिवशी एकादशी म्हणून हे घरीच, तेव्हा काहीच नाही.

दसऱ्यानंतर सुरू केलं ते संक्रांत गेली तरी आकडा चौदाच. ह्यांची खात्री पटली की सगळी किमया जाड ग्रेडची. त्यांनी त्यावर सुवाच्य अक्षरात दोन पानांचा निष्कर्ष लिहिला, तारीखवार आकड्यांसकट, आणि दौलतसिंहाला नेऊन दिला. त्याने तो गॅरेजच्या भिंतीला डकवला आणि ऑइल पिणाऱ्या आणखी दोन गाड्यांना तोच ग्रेड घातला. ह्यांची मान ताठ झाली. पुण्याला मुलीचा, सीमंतिनीचा फोन आला की मला देण्याआधी हेच दहा मिनिटं बोलायचे. तिने मला विचारलं, "आई, बाबांना हुआ क्या है? किती बोलतात." मी म्हटलं, थंडी मानवलीय त्यांना. आतून इतकी सुखावले होते की काय सांगू.

पण पोरीनेच घोळ केला. बापाची थट्टा करत म्हणाली, एवढी भारी गाडी आहे तर या ना पुण्यापर्यंत, आमच्या फाटकाशी तरी पोहोचते का बघू. हे लगेच नकाशा घेऊन बसले. अकराशे किलोमीटर, आपण दोघं, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. आणि वर म्हणाले, "वाटेत बॉनेट उघडायचंही कारण नाही. साडेतीन महिन्यांत एक थेंब गेलेला नाही."

मला इंजिनातलं कळत नाही, पण देवघराखाली किती रिकामे डबे झालेत ते मला माहीत होतं. तीन. गाडी तेवढ्यात तीन हजार किलोमीटर फिरली होती. हजाराला एक लिटर. पहिल्यांदा वाटलं, चिवड्याच्या डब्यामागे बाटली दडवून न्यावी आणि चहाला थांबलं की हळूच घालावं. पण भर रस्त्यात, ह्यांच्या डोळ्यांसमोर, हळूच कसं घालणार? मग दौलतसिंहाला फोन केला आणि सहज म्हणून विचारलं की एखाद्या गाडीतलं ऑइल हायवेवर संपलं तर काय होतं. तो म्हणाला, "इंजिन जाम होतं, काकीसाहेब. शंभरच्या स्पीडला जाम झालं तर गाडी कुठे जाईल ते देवालाच माहीत." मी फोन ठेवला आणि खुर्चीतच बसून राहिले. वेताच्या त्याच खुर्चीत.

निघायच्या चार दिवस आधी, सकाळी साडेसहाला, हे पट्टी हातात धरून फूटपट्टी लावत होते. मी एका हातात ऑइलचा डबा आणि दुसऱ्या हातात वाकडी पळी घेऊन बाहेर गेले.

"अहो," मी म्हटलं, "ते चौदा माझे आहेत."

त्यांना कळेना. मग सगळं सांगितलं, दसऱ्यानंतरच्या बुधवारपासून. हे पायरीवर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. फक्त किती घालायचीस म्हणून विचारलं. मी म्हटलं, तीन पळ्या, कधी चार. त्यांनी माझ्या हातातली पळी घेतली, आत जाऊन खोकल्याच्या औषधाच्या मापाने पाणी घालून मोजली, नऊ मिलिलिटर. मग वही काढली आणि साडेतीन महिन्यांच्या पानापानावर फूटपट्टी ठेवून आडवी रेघ मारली. शेवटच्या पानावर लिहिलं, या नोंदी ग्राह्य नाहीत. दुपारी जेवले नाहीत.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. ताट समोर आपटलं आणि म्हटलं, "गाडी गेली चुलीत. तुमचं तोंड भिंतीकडे वळलं की मला या घरात श्वास घेता येत नाही. मला बोलणारे तुम्ही हवे होतात, म्हणून घातलं. परत घालीन."

ह्यांनी ताट सरळ करून ठेवलं. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, घरी बसल्यावरही माझ्या हातून काहीतरी बरं झालं."

एवढंच. मला त्यांच्या उपाशी पोटाची भीती होती, आणि मी घाव घातला होता भलतीकडे. साडेतीन महिने ज्या गोष्टीने हा माणूस ताठ चालत होता ती मी पळीने ओतलेली होती, आणि आता मीच ती काढून घेतली. त्या दिवशी मी रडले. न्हाणीघरात नळ सोडून रडले, कारण मला कुणी रडताना पाहिलेलं आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी हे दौलतसिंहाकडे गेले आणि भिंतीवरची ती दोन पानं स्वतःच्या हाताने काढली. ज्या दोघांच्या गाड्यांना ग्रेड बदलला होता त्यांनाही स्वतः फोन केले. माझ्या नोंदी चुकल्या, म्हणाले. माझं नाव कुठेही घेतलं नाही. हे मला दौलतसिंहाने नंतर सांगितलं. त्याने खरा हिशेब ऐकून इंजिन खोलू नका असंच म्हटलं. हजाराला लिटर, या जातीच्या जुन्या इंजिनाला चालून जातं, फक्त भरत राहायचं आणि लपवायचं नाही. तेव्हा पुण्याला जायचं रद्द झालं नाही. दर दोनशे किलोमीटरला थांबून मोजायचं ठरलं आणि डिकीत चार लिटर ऑइल आलं.

हे जेवायला लागले, बोलायलाही लागले, थोडं थोडं. पण एक गोष्ट बदलली. मी म्हणायची, गॅस बंद केलाय, तर हे उठून बघून यायचे. मागच्या दाराला कडी लावली म्हटलं की जाऊन हात लावून यायचे. रागाने नव्हे, टोमणा म्हणून तर नव्हेच, तो ह्यांचा स्वभाव नाही. नुसते उठायचे आणि बघून यायचे. अडतीस वर्षांत माझ्या शब्दावर हा माणूस कधी उठला नव्हता. उपास परवडले असते मला. बोलायला तोंड कुठे होतं मला? मनात एवढंच होतं, की पुण्याहून परत येईस्तोवर तरी ह्यांचं हे उठणं थांबू दे.

निघालो त्या दिवशी नंदादीप शेजारच्या शालिनीताईंकडे सोपवला. त्यांना रीत सांगितली, पण वर हेही सांगितलं की मला मात्र रोज फोन करून कळवा. सासूबाई वर काय म्हणाल्या असतील ते म्हणोत. ऑइल अठरावर भरलं, ह्यांनी स्वतः मोजलं, हात देऊन मला त्या खड्ड्यात बसवलं आणि उजाडायच्या सुमाराला आम्ही शिवपुरीच्या रस्त्याला लागलो. गाडी झकास पळत होती. हे शिवपुरीच्या पुढे गुणगुणायलाही लागले होते.

गुणा यायच्या थोडं आधी ढाब्यावर थांबलो. दोनशे किलोमीटर झाले होते. चार तास त्या बैठकीत बसून ह्यांची कंबर धरली, कसेबसे बाहेर पडले आणि लिंबाखालच्या खाटेवर टेकले, उठणं जिवावर आलं. इंजिनातलं ऑइल खाली उतरायला दहा मिनिटं द्यायची असतात, तेवढी दिली. मग ह्यांनी वही मांडीवर घेतली आणि मला म्हणाले, बघ बाई तूच. हिशेबाने चौदा यायला हवं होतं.

मी बॉनेट उघडलं. पट्टी काढली, पुसली, घातली, परत काढली. फूटपट्टी लावली. बारा. वाटलं माझंच चुकलं, म्हणून पुन्हा पुसून मोजलं. बाराच. बॉनेट उघडं असल्यामुळे ह्यांना माझे हात दिसत नव्हते. बॉनेटच्या बाजूने ह्यांचा चेहरा मात्र मला दिसत होता. वही उघडी, पेन तयार, आणि कितीतरी दिवसांनी जरा उजळलेला. चौदा म्हटलं असतं तर तो तसाच राहिला असता. डबा माझ्या पायाशीच होता, दोन मिलिमीटर म्हणजे शंभर मिलिलिटर, जास्तीचं घातलं असतं तर कुणाला कळणार होतं? जिभेच्या टोकावर आलं होतं, खोटं कशाला सांगू.

"बारा," मी म्हटलं.

ह्यांनी वर पाहिलं. मी पट्टी फडक्यावर आडवी धरली आणि तिथेच उभी राहिले, ह्यांना येऊन बघता यावं म्हणून. वाऱ्याने ऑइल ओघळायला लागलं तरी तशीच धरून राहिले.

"शिवपुरीपुढे मी जरा जास्तच पळवली," हे म्हणाले. "तूच घाल आता. किती घालायचं ते तुला माहीत आहे."

मग बसल्या जागीच वहीत बारा लिहिलं आणि ढाबेवाल्याला दोन चहा सांगितले.